गोष्ट सांगणारा नेता आणि पेन्सिल हातात असलेला श्रोता



नेतृत्वावरचं कुठलंही नवं पुस्तक उघडा, त्यात एक प्रकरण हमखास सापडतं: ‘गोष्ट सांगा’. आकडे दाखवू नका, गोष्ट सांगा. मुद्दे लोक विसरतात, गोष्ट लक्षात राहते. कंपन्यांमध्ये यावर वर्कशॉप होतात, सामाजिक संस्थांमध्ये होतात, आणि निवडणुकीच्या काळात तर विचारूच नका. हा सल्ला चुकीचा नाही. पण तो अर्धाच आहे, आणि जो अर्धा भाग गाळला जातो तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आजच्या लेखात त्याबद्दलच बोलायचं आहे.

माझ्या पीएच.डी.चा विषय एकोणिसाव्या शतकातलं मराठी संवादरूपी लेखन हा आहे. म्हणजे दोन माणसं बोलतायत, एक विचारतोय आणि दुसरा सांगतोय, अशा रूपात लिहिलेली पुस्तकं आणि नाटकं. या कामात जोतीराव फुल्यांचं लेखन पुन्हा पुन्हा वाचावं लागतं. एका बाजूला फुले आणि दुसऱ्या बाजूला आजचं ‘लीडरशिप स्टोरीटेलिंग’ असं दोन्ही समोर ठेवून वाचलं, की एक प्रश्न डोकं वर काढतो. गोष्ट ऐकल्यावर लोक प्रश्न विचारायला लागतात, की विचारायचे थांबतात? बहुतेक पुस्तकं हा प्रश्न घेतच नाहीत. त्यांच्या दृष्टीने लोक पटकन ‘हो’ म्हणाले की गोष्ट यशस्वी.

आधी संशोधन काय म्हणतं ते पाहू, मग फुल्यांकडे जाऊ.

गोष्टीत हरवणं म्हणजे नक्की काय

आपण म्हणतो ना, ‘पुस्तकात इतका हरवलो की हाक ऐकूच आली नाही’. या हरवण्याचा अभ्यास मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक या दोन मानसशास्त्रज्ञांनी केला आणि 2000 साली प्रसिद्ध केला. त्यांनी वाचकांना एक गोष्ट वाचायला दिली. एका मॉलमध्ये एका लहान मुलीवर मनोरुग्ण माणूस हल्ला करतो आणि ती मरते, अशी ती गोष्ट. वाचून झाल्यावर वाचक गोष्टीत किती गुंतले होते ते मोजलं, आणि मग त्यांची मतं विचारली. मनोरुग्णांना मोकळं फिरू द्यावं का, जग न्यायी आहे का, असे प्रश्न.

जे जास्त गुंतले होते, त्यांची मतं गोष्टीच्या दिशेने जास्त झुकलेली दिसली. इथपर्यंत आश्चर्य काही नाही. पुढचे दोन निष्कर्ष मात्र थांबून वाचण्यासारखे आहेत. पहिला असा, की काही वाचकांना ‘ही खरी घटना आहे’ असं सांगितलं होतं आणि काहींना ‘ही काल्पनिक कथा आहे’ असं. त्याने फारसा फरक पडला नाही. खरी म्हणून वाचा किंवा रचलेली म्हणून वाचा, गुंतलेल्या माणसावर तिचा परिणाम होतोच.

दुसरा निष्कर्ष मला फार आवडतो, कारण त्याची युक्ती अगदी साधी आहे. वाचकांना सांगितलं, की गोष्टीत जिथे काही खोटं वाटेल, खटकेल, तिथे पेन्सिलने गोल करा. खोटं बोललं की नाक वाढणाऱ्या पिनोकिओचं नाव त्यांनी या युक्तीला दिलं. झालं काय, तर जे वाचक जास्त गुंतले होते त्यांनी कमी गोल केले. मजकूर तोच होता, पण त्यांना खटकलं कमी.

आता हे नेत्याच्या जागी उभं राहून वाचा. गोष्ट का चालते? कारण ती ऐकताना समोरच्याची पेन्सिल खाली पडते. मुद्दा मांडला तर माणूस उलटा मुद्दा शोधतो. गोष्ट सांगितली तर तो पुढे काय झालं ते शोधतो. ‘गोष्ट सांगा’ या सल्ल्यामागची ताकद ही आहे, आणि धोकाही हाच आहे. हीच पद्धत चांगला नेता वापरू शकतो आणि लोकांना फसवणाराही वापरू शकतो. ऐकणाऱ्याला आतून दोन्ही सारखंच वाटतं.

झांबियातली गोष्ट

नेतृत्व आणि गोष्ट यांवरच्या लेखनात स्टीफन डेनिंग यांचं उदाहरण सतत येतं. डेनिंग जागतिक बँकेत होते. 1996च्या सुमाराला ते सहकाऱ्यांना सांगत होते, की आपण फक्त कर्ज देणारी संस्था राहू नये, जमवलेलं ज्ञानही वाटावं. तक्ते दाखवले, आकृत्या दाखवल्या, कोणी फारसं हललं नाही. मग त्यांनी एक छोटी गोष्ट सांगायला सुरुवात केली. जून 1995 मध्ये झांबियातल्या एका लहान गावातल्या आरोग्य कर्मचाऱ्याला मलेरियाच्या उपचाराबद्दल माहिती हवी होती. त्याने अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राची वेबसाइट उघडली आणि त्याला उत्तर मिळालं. या चित्रात जागतिक बँक कुठेच नाही. असती तर?

बस, एवढीच गोष्ट. आणि तिने काम केलं. डेनिंग यांनी पुढे यावर ‘द स्प्रिंगबोर्ड’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं निरीक्षण असं, की अशी गोष्ट मुद्दाम उघडीवाघडी ठेवावी. फार तपशील भरू नयेत, म्हणजे ऐकणारा स्वतःच्या कामाचे तपशील त्यात भरतो आणि मनातल्या मनात स्वतःची गोष्ट रचतो. शिवाय शेवट सुखाचा हवा, नाहीतर लोक झेप घेत नाहीत.

हे निरीक्षण सूक्ष्म आहे, आणि ऐकणाऱ्याला काहीतरी करायला लावणारं आहे, हे मान्य करायला हवं. पण आता आपली पेन्सिल उचलू. ही गोष्ट कोणाची आहे? नायक झांबियातला कर्मचारी. पण त्याला नाव नाही, आवाज नाही. उत्तर मिळाल्यावर औषध मिळालं का, पेशंटचं काय झालं, हे गोष्टीत येत नाही, कारण ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांना ते लागत नाही. गोष्ट झांबियाची आणि स्वप्न वॉशिंग्टनचं. हे काही पाप नाही. डेनिंग यांना सहकाऱ्यांना पटवायचं होतं आणि त्यांनी ते केलं. मात्र या एका यशावरून ‘नेत्याने गोष्ट कशी सांगावी’ याचा सर्वसाधारण नियम काढला, की ज्याच्यावर गोष्ट बेतली आहे तो माणूस चित्रातला पुतळा होऊन राहतो.

मार्शल गॅन्झ यांची मांडणी याच्या एक पाऊल पुढे जाते. गॅन्झ सीझर चावेझ यांच्याबरोबर कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या चळवळीत अनेक वर्षं होते, नंतर हार्वर्डमध्ये शिकवायला लागले, आणि ओबामांच्या 2008च्या निवडणुकीसाठी कार्यकर्ते तयार करण्यात त्यांचा हात होता. त्यांची मांडणी तीन शब्दांत सांगता येते: मी, आपण, आत्ता. मी या कामात का पडलो, आपण एकत्र कोण आहोत, आणि आत्ता कुठलं पाऊल उचलायचं. यात ‘आपण’ आणि ‘आत्ता’ आहेत हे महत्त्वाचं. गॅन्झ फक्त नेत्याला गोष्ट शिकवत नाहीत, प्रत्येक कार्यकर्त्याला स्वतःची गोष्ट सांगायला लावतात. म्हणजे बोलणारा एक आणि ऐकणारे हजार, अशी ती सभा राहत नाही.

पण पेन्सिलचा प्रश्न इथेही सुटत नाही. मी-आपण-आत्ता हा साचा द्वेष पसरवणारा नेताही हुबेहूब वापरू शकतो. ‘माझ्यावर अन्याय झाला, आपल्या सगळ्यांवर झालाय, आत्ता उठा.’ साचा भरला. गोष्ट खरी आहे का, हे कोण आणि कधी विचारणार?

जोगाबाईचं घर आणि मधे बोलणारा विदूषक

आता पुण्यात येऊ, 1855 सालात. फुले तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. मुलींची शाळा काढून सात वर्षं झाली होती. त्या वर्षी त्यांनी ‘तृतीय रत्न’ नावाचं नाटक लिहिलं आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. कमिटीने ते नाकारलं, आणि फुल्यांच्या हयातीत ते छापलं गेलं नाही.

नाटकाची गोष्ट साधी आहे. नवरा बाहेर गेलेला असताना एक जोशी कुणब्याच्या घरी येतो. घरात जोगाबाई आहे, तिला दिवस गेलेत. जोशी ग्रहांची भीती घालतो. बाळावर संकट आहे, शांत करायला हवी, ब्राह्मणांना जेवण घालायला हवं. घाबरलेलं कुटुंब कर्ज काढून सगळं करतं. पुढे एका पाद्र्याशी बोलणं होतं, डोळे उघडतात, आणि शेवटी नवरा-बायको दोघंही फुल्यांच्या रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात.

गॅन्झ यांच्या साच्यात हे नाटक किती चपखल बसतं बघा. ‘आपण’ आहे: प्रेक्षक ज्याला आपल्याच घरातलं म्हणेल असं कुटुंब. ‘आत्ता’ तर फारच स्पष्ट आहे: शाळा आहे, रात्री भरते, दिवसभर राबणाऱ्यालाही जाता येतं. नेते गोष्टीच्या शेवटी ‘जागे व्हा’ म्हणतात आणि कुठे जायचं ते सांगत नाहीत. फुल्यांची गोष्ट शाळेच्या दारात नेऊन सोडते, आणि ती शाळा खरोखर चालू असते. मागे काम उभं नसताना सांगितलेली गोष्ट आणि कामासकट सांगितलेली गोष्ट यांत हा फरक पडतो.

पण माझ्या दृष्टीने या नाटकातलं सगळ्यात महत्त्वाचं पात्र जोगाबाई नाही, जोशीही नाही. ते आहे विदूषक. हा विदूषक मधे मधे बोलत राहतो. जोशी थाप मारतो आणि लगेच विदूषक ती उघडी करतो. प्रेक्षक जोगाबाईच्या भीतीत गुंतायला लागला, की विदूषक त्याला ढोसतो: बघ, काय चाललंय ते बघ. म्हणजे ग्रीन आणि ब्रॉक यांची पेन्सिल फुल्यांनी रंगमंचावर उभी केली. एका थापेची गोष्ट सांगायची असेल, तर प्रेक्षकाला गोष्टीत पूर्ण बुडू देऊन चालणार नाही, कारण जोगाबाई बुडाली तीसुद्धा एका गोष्टीतच. ग्रहांची गोष्ट. जोशी हाही गोष्ट सांगणाराच आहे, आणि कसलेला आहे.

नेतृत्वावरच्या पुस्तकांत विदूषकाला जागा नसते. तिथे गोष्टीत कोणी मधे बोलणं हे अपयश समजलं जातं.

बळीचं राज्य: घरातलीच गोष्ट उलटी धरून

1873 मध्ये ‘गुलामगिरी’ आलं. जोतीराव आणि धोंडीबा या दोघांचा संवाद, सोळा परिच्छेद. अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. ही अर्पणपत्रिका नुसता शिष्टाचार म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली 1865 साली, म्हणजे फक्त आठ वर्षं आधी. फुल्यांना जी गोष्ट सांगायची आहे तिला सुखाचा शेवट अजून आलेला नाही. म्हणून ते शेवट समुद्रापलीकडून आणतात: बघा, गुलामगिरी ही आकाशातून पडलेली गोष्ट नाही, ती संपते, नुकतीच एके ठिकाणी संपली आहे. डेनिंग यांचा नियम, पण उसना शेवट आणि उजळ माथ्याने सांगितलेली उसनवारी.

पुस्तकाच्या मध्यभागी आहे बळीराजा. मराठी माणसाला ही गोष्ट सांगावी लागत नाही. दानशूर बळी, बटू वामन, तीन पावलं जमीन, आणि तिसरं पाऊल डोक्यावर. अवतारांच्या क्रमात वामन देव आहे, म्हणजे जिंकणारा बरोबर. पण त्याच वेळी घराघरांत बायका ओवाळताना म्हणतात, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ दिवाळीच्या पाडव्याचं नावच बलिप्रतिपदा. पोथीतल्या गोष्टीत बळी हरलेला आणि घरातल्या तोंडी परंपरेत मात्र त्याच्याच राज्याची वाट पाहिली जातेय. ही विसंगती शेकडो वर्षं आपल्या घरात पडून होती. फुल्यांनी ती उचलली आणि विचारलं, की ज्याचं राज्य परत यावं असं तुमची आई म्हणते, तो वाईट कसा?

गोष्ट सांगणाऱ्या नेत्याबद्दल मला जे शिकायला मिळालं ते इथे. फुले नवी गोष्ट विकत नाहीत. ऐकणाऱ्याच्या घरात आधीपासून असलेली गोष्ट ते उचलतात आणि ती कोणाच्या बाजूने सांगितली गेलीय, एवढं दाखवतात. अशा गोष्टीला पुरावा ऐकणाऱ्याच्याच स्मरणात असतो. घरी जाऊन आईला विचारता येतं. वॉशिंग्टनमधल्या अधिकाऱ्याला झांबियात फोन करून विचारायची सोय नव्हती. पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला मात्र पाडव्याला आपल्या घरात काय म्हणतात ते माहीत होतं.

आणि इथेही पेन्सिल आहे. एका पावलात सगळी पृथ्वी व्यापली, तर त्या पावलाखाली आलेल्या गावांचं आणि माणसांचं काय झालं? ते चिरडले नाहीत का? एवढा अवाढव्य देह शेवटी मेला तेव्हा उचलला कोणी? ब्रह्मदेवाच्या तोंडातून माणसं जन्मली म्हणता, तर तोंडात गर्भ राहतो कसा? हे प्रश्न हसवतात, पण त्यांचं काम हसवण्यापुरतं नाही. जी गोष्ट इतकी पवित्र, की तिच्यावर कोणी गोल करत नव्हतं, तिच्यावर गोल करायची सवय ते लावतात. कुठल्याही शेतकऱ्याला सुचतील असे प्रश्न. त्याला फक्त ते विचारायची मुभा आहे असं कोणी सांगितलं नव्हतं.

आता फुल्यांवर पेन्सिल

इथे लेख संपवला तर तो गौरवलेख होईल, आणि फुल्यांनीच शिकवलेली सवय मोडल्यासारखं होईल. तेव्हा दोन ठिकाणी मला गोल करायचे आहेत.

पहिला, व्युत्पत्ती. बळीच्या राज्याचं चित्र पूर्ण करण्यासाठी फुले खंडोबा, म्हसोबा, जोतिबा अशा लोकदेवांना बळीचे अधिकारी ठरवतात आणि त्यांच्या नावांची फोड करून पुरावा देतात. महासुभा म्हणजे म्हसोबा, खंडाचा प्रमुख म्हणून खंडोबा, असं. भाषाशास्त्राच्या कसोटीवर या व्युत्पत्ती टिकत नाहीत. यामागे त्या काळच्या युरोपीय विद्वानांची बाहेरून आलेल्या आर्यांची मांडणी आहे, आणि तीही फुले जशीच्या तशी घेतात, एका युद्धाच्या सरळ कथेत बसवतात. काही अभ्यासक म्हणतात, की हे मिथक म्हणून वाचा, इतिहास म्हणून नको. मला हा बचाव पुरेसा वाटत नाही. फुले वामनाच्या पावलाला ‘हे खरंच घडू शकतं का’ हा प्रश्न विचारतात. मग तीच कसोटी महासुभ्याला का नको? ज्या पुस्तकाने दुसऱ्यांच्या गोष्टीवर पेन्सिल चालवायला शिकवलं, ते स्वतःची गोष्ट सांगताना पेन्सिल जरा बाजूला ठेवतं.

दुसरा गोल आहे धोंडीबाभोवती. संवादाचं रूप घेतलं म्हणजे प्रश्न विचारणारा हवा, आणि तो आहे. पण धोंडीबा फार लवकर पटवून घेतो. त्याचे कित्येक प्रश्न जोतीरावांना पुढचं बोलता यावं म्हणून विचारलेले वाटतात. अवतारांबद्दल तो तिखट शंका काढतो. जोतीरावांच्या उत्तरांवर मात्र तशा शंका काढताना क्वचितच दिसतो. ‘तृतीय रत्न’मधला विदूषक कोणाचाच ऐकत नाही असा वाटतो, धोंडीबा मात्र मित्र आहे. अठरा वर्षांत पेन्सिल थोडी बोथट झाली, असं मला म्हणावंसं वाटतं.

तिसरी एक शंका आहे, पण तिला मी पूर्ण गोल करणार नाही. बळी आणि वामन अशा दोनच बाजू असलेल्या गोष्टीत मधल्या माणसांना जागा कमी राहते. अशी गोष्ट लोकांना एकत्र आणते, पण एक शत्रूही पक्का करून देते. फुल्यांच्या बाबतीत निदान एवढं दिसतं, की त्यांचा रोख माणसाच्या माणसावरच्या मालकीवर आहे, आणि त्यांच्या कामात ब्राह्मण सहकारी होते. मुलींच्या पहिल्या शाळेसाठी जागा भिड्यांच्या वाड्यात मिळाली. पण गोष्ट जेव्हा लेखकाच्या हातातून सुटते तेव्हा हा तोल तिच्याबरोबर जाईलच असं नाही. हा प्रश्न प्रत्येक ‘आपण’ला लागू आहे.

मग फुल्यांची गोष्ट टिकली कशी?

माझं उत्तर असं, की तिला पुस्तकाबाहेर काम होतं. ‘गुलामगिरी’ आलं त्याच वर्षी, 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. वर्ष संपायच्या आत पुरोहिताशिवाय लग्न लागलं. आता बघा, ‘देव आणि माणूस यांच्यात दलाल नको’ ही कल्पना गोष्ट म्हणून ऐकली तर पटते किंवा पटत नाही. पण भटजीशिवाय लग्न लागलं आणि आभाळ कोसळलं नाही, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. गोष्टीचा दावा तपासायची ती जागा होती. महासुभ्याची व्युत्पत्ती चुकली तरी त्या लग्नाला काही झालं नाही.

पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना, 1883 मध्ये, फुले त्यातले भाग छापण्याआधी लोकांपुढे वाचून दाखवत होते. बडोद्याच्या सयाजीरावांनीही ते ऐकले. लेखक ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांनाच वाचून दाखवतोय, यात मोठी जोखीम आहे. शेतकऱ्याच्या घराचं वर्णन चुकलं तर समोरचा शेतकरी लगेच म्हणेल, अहो, असं नसतं. आणि हे पुस्तक सुखाच्या शेवटाचा नियम पाळत नाही. कर्जात आणि कज्ज्यात पिचलेला शेतकरी त्यात जसा आहे तसा आहे. तरी ते वाचून लोक खचले असं नाही, कारण पुस्तक दुःखाची कारणंही सांगतं आणि उपायही. लोकांना उठवायला नेहमी विजयाचीच गोष्ट लागते, या नियमाला हा अपवाद मला पुरेसा वजनदार वाटतो.

1888 मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती, तिथे फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि त्याला म्हणाले, की इथे जमलेले दागिने घातलेले लोक म्हणजे हा देश नव्हे, खेड्यांत जाऊन बघा. शब्द थोडे, कपड्यांनीच गोष्ट सांगितली. पण यातही शेवटचं वाक्य लक्षात घ्या: जाऊन बघा. माझ्यावर विश्वास ठेवा, असं ते म्हणत नाहीत.

पुढच्या पिढ्यांत सत्यशोधक जलशांनी तमाशाचा ओळखीचा साचा घेतला, गण-गवळण-वग, आणि त्यात हा आशय भरला. मंडळी, तमाशाचा प्रेक्षक गप्प बसणारा नसतो. तो दाद देतो, टोमणा मारतो, आणि सोंगाड्याही मधेच काहीतरी बोलून जातो. म्हणजे फुल्यांचा विदूषक परत आला, या वेळी त्याच्या माहेरी.

थोडक्यात सांगायचं तर

नेत्यांनी गोष्ट सांगावी का? जरूर सांगावी. लोकांपर्यंत कल्पना न्यायचा याहून जुना आणि चांगला रस्ता मला माहीत नाही. पण यापुढे कोणी नेता, मॅनेजर, प्राचार्य किंवा उमेदवार तुमच्यापुढे गोष्ट सांगायला उभा राहिला, तर गोष्ट कशी रंगली याच्याही आधी तीन गोष्टी पाहा. जिच्याबद्दल किंवा ज्याच्याबद्दल गोष्ट आहे त्याला तीत बोलायला मिळतंय का? गोष्टीतला दावा स्वतः तपासून बघायला तुम्हाला कुठे जाता येईल, शाळेत, शेतात, आईकडे? आणि मधेच हात वर केला तर सांगणारा थांबतो, की आवाज चढवतो?

तुम्ही स्वतः गोष्ट सांगणार असाल, तर संशोधनातून निघणारा सल्ला जरा अवघड आहे. लोक गुंततील अशी गोष्ट रचा, आणि मग त्याच गोष्टीत एक विदूषक ठेवा, जो तुमच्याही विरुद्ध बोलेल. फुल्यांना हे अठ्ठाविसाव्या वर्षी जमलं होतं आणि पुढे त्यांनाही नेहमी जमलं नाही, यावरून ते किती कठीण आहे याचा अंदाज यावा.

पुढच्या लेखात ‘तृतीय रत्न’मधल्या विदूषकाची भाषा आणि तमाशातल्या सोंगाड्याची भाषा शेजारी शेजारी ठेवून बघू. तोपर्यंत हा लेखही पेन्सिल घेऊनच वाचा.